परसदारच्या गप्पा : गुलाबाला डोळे असतात



'बाई, गुलाबाला डोळे असतात?'

चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. मी फळ्याकडे तोंड करून पानाचं चित्र काढत होते. प्रश्न विचारणारी मुलगी तिसऱ्या बाकावरची, एरवी फारशी न बोलणारी. झालं! सगळा वर्ग फिदीफिदी हसायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, 'हो, आणि चष्मापण असतो!'

मी म्हटलं, 'हसताय काय? असतात. एकेका फांदीला पाच-सहा तरी असतात.'

मग मात्र वर्ग चिडीचूप.

तुम्हीसुद्धा पाहा. गुलाबाचं पान जिथं फांदीला चिकटतं ना, त्या बेचक्यात बारीकसा लालसर फुगवटा दिसतो. मोहरीच्या दाण्याएवढा. तोच डोळा. तो झोपलेला असतो. वरची फांदी छाटली की जागा होतो आणि त्यातून नवी फांदी निघते. माळी, बागाईतदार सगळे त्याला डोळाच म्हणतात. आज आपल्याला लाल गुलाबाच्या गप्पा मारायच्यात, पण आधी ही गोष्ट सांगते, कारण गुलाब लावण्याबद्दल मला जे थोडंफार कळतं त्यातलं निम्मं मी त्या मुलीमुळे शिकले.

ही 2022 सालातली, दिवाळीनंतरची गोष्ट. आमची शाळा साताऱ्याच्या बाजूला. या मुलीचं घर भाड्याचं, जुनं, दगडी पायरीचं. त्या पायरीला लागून एक लाल गुलाब होता. तिच्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, तरुणपणी लावलेला. नावाची चिठ्ठी केव्हाच हरवली होती. सगळे त्याला 'पायरीजवळचा' म्हणत. डाळिंबाच्या दाण्यांपेक्षा गडद रंग, आणि वास असा की पावसाळी हवेत दारापर्यंत यावा. आता घरमालक ते घर पाडणार होते. मुलीचे आईवडील गावातच दुसरीकडे जाणार आणि आबा पुण्याला काकांकडे. गुलाबाचं काय? तो उपटून पाहिला तर मुळं थेट पायरीच्या दगडाखाली गेलेली. फांद्या तोडून कुंडीत खोचून पाहिल्या, त्या आठवड्याभरात काळ्या पडल्या. आबा म्हणाले, 'राहू दे तिथंच. माझ्याबरोबर जुना झालाय तो.' पण ही ऐकेना. कुणीतरी तिला सांगितलं होतं की गुलाबाचा नुसता डोळा काढून दुसऱ्या झाडात बसवता येतो. म्हणून तो प्रश्न!

खरं सांगू? मला ते पुस्तकातून माहीत होतं. हातानं एकदाही केलेलं नव्हतं. आणि गुलाबाच्या बाबतीत माझी कीर्ती काही फार चांगली नव्हती. नोकरीला लागले त्या वर्षी मी कुंडीत पहिला गुलाब आणला होता, आणि तो लवकर मोठा व्हावा म्हणून मूठभर युरिया घातला होता. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि आठवड्यात झाड गेलं. का, ते काकडीच्या कोशिंबिरीवरून समजेल. काकडीला मीठ लावलं की तिला पाणी सुटतं की नाही? तसंच मुळांभोवती खताचा क्षार जास्त झाला की मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणजे मी त्याला जेवायला घालत नव्हते, तहानेनं मारत होते.

म्हणून मी त्या मुलीला घेऊन रोपवाटिकेत गेले. तिथं एक मामा वर्षानुवर्षं डोळे भरतात. 'डोळे भरणं' हाच त्यांचा शब्द. ते म्हणाले, 'बाई, आंधी खुंट तर बघा.'

खुंट म्हणजे काय, हे कळलं की विकतचा गुलाब निवडणं सोपं जातं, म्हणून नीट ऐका. आपण जे मोठ्या फुलांचे गुलाब आणतो त्यांची स्वतःची मुळं बहुधा नाजूक असतात. म्हणून दुसऱ्याच एका दणकट जातीची काडी आधी रुजवतात. ती पेन्सिलीएवढी जाड झाली की तिच्यावर आपल्याला हव्या त्या गुलाबाचा डोळा बसवतात. मुळं एकाची, फुलं दुसऱ्याची! खालचा तो खुंट. आपल्याकडे त्यासाठी 'इंडिका', 'एडवर्ड' अशा जाती वापरतात. त्यांची फुलं बघायला कुणी जात नाही, पण त्यांच्या खांद्यावर बसल्याशिवाय लाल गुलाबाचं पान हलत नाही.

मामांनी सहा खुंटांची रोपं दिली. डोळे कुठल्या फांदीवरून घ्यायचे तेही सांगितलं. नुकतंच फूल झडलेली फांदी घ्यायची, आणि तिच्या मधल्या भागातले डोळे. 'फुगल्याला पायजे, पण फुटल्याला नको,' हे त्यांचं वाक्य ती मुलगी घरी जाईपर्यंत पाठ म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओल्या फडक्यात गुंडाळून दोन फांद्या शाळेत घेऊन आली. शिवणाच्या डब्यात बाळाला आणावं तशी. मामा मधल्या सुट्टीत आले. त्यांनी आधी काटे बोटानं मोडले. कटकट मोडतात, पाहिलंत कधी? गुलाबाचा काटा सालीवर उगवलेला असतो, लाकडातून आलेला नसतो. म्हणून बाजूला दाबला की सुटतो. लिंबाचा काटा असा मोडून बघा, नाही जमायचा, कारण तो म्हणजे फांदीचाच बदललेला भाग असतो. मग मामांनी पानं कापली, पण प्रत्येक डोळ्याखाली देठाचा बोटभर तुकडा ठेवला. धारदार चाकूनं डोळा सालीसकट अलगद काढला, अगदी ढालीच्या आकाराचा. खुंटाच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद दिला. साल दोन्ही बाजूंनी उचलली, जशी पाकिटाची झापड. त्या झापडीखाली डोळा सरकवला आणि प्लास्टिकच्या पट्टीनं वरून खालून घट्ट गुंडाळलं. डोळा तेवढा उघडा. एकूण दोन मिनिटं. अख्खा वर्ग भोवती कोंडाळं करून उभा होता आणि कुणी शिंकलंसुद्धा नाही.

'आता तीन आठवडं हात लावायचा न्हाई,' मामा म्हणाले. 'मग देठाला बोट लावा. देठ टपकन पडला तर डोळा लागला. सुकून चिकटून बसला तर गेला.'

तीन आठवडे म्हणजे चौथीच्या मुलांना तीन वर्षं! डिसेंबरच्या मध्यावर आम्ही बोट लावलं. पहिला देठ चिकटलेला. दुसरा चिकटलेला. तिसरा... टपकन पडला! त्याच्यामागे हिरवागार डोळा. सहापैकी दोन लागले, चार काळे पडले. तोवर घर रिकामं झालं होतं. जानेवारीत ते पाडलं, आणि पायरीजवळचा त्या दगडामातीत गेला. आता जगात त्याचे दोनच डोळे उरले होते, आमच्या शाळेच्या कुंपणाच्या आत.

आणि फेब्रुवारीत त्यातला एक शेळीनं खाल्ला. फाटक उघडं राहिलं होतं. कुणामुळे, ते मी सांगणार नाही. पण त्या दिवशी फाटक लावायची पाळी मुलांची नव्हती, एवढं सांगते.

गोष्ट इथं जरा थांबवू या. तुमच्याकडे आजोबांचा गुलाब असेलच असं नाही. तुम्हाला रोपवाटिकेतून आणायचा असणार. मग कुठला आणायचा?

'लाल' म्हटलं की काम भागत नाही. कुंकू लाल, वीट लाल, जांभळाकडे झुकणारं बीटसुद्धा लालच. गुलाबाच्या लालाची तर मोठी गंमत आहे. फार पूर्वी युरोपातल्या गुलाबांत असा भडक, टिकणारा लाल नव्हताच. तिथले लाल गुलाब लवकर जांभळट पडायचे आणि बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले गुलाब तिकडे पोचले. त्यांच्याकडे खरा किरमिजी रंग होता आणि पुन्हा पुन्हा फुलण्याची सवय होती. त्यांचा आणि युरोपातल्या गुलाबांचा संकर होत होत आजचे गुलाब झाले.

तुम्ही रोपवाटिकेत गेलात तर 'पापा मेलाँ' हे नाव ऐकाल. काळसर लाल, मखमली, आणि वास तर विचारूच नका. तो फ्रान्समध्ये 1963 साली आला. ज्यांनी तो तयार केला त्यांनी आपल्या आजोबांचं नाव त्याला दिलं. 'मिस्टर लिंकन' आणि 'ओक्लाहोमा' हे दोघे 1964 साली अमेरिकेत आले. आता गंमत ऐका. या तिघांचे आईबाप एकच! 'क्रायस्लर इम्पीरियल' आणि 'चार्ल्स मालरँ' या दोन लाल गुलाबांच्या संकरातून तिघेही निघाले. दोन खंडांत जन्मलेली सख्खी भावंडं. आणि तरी तिघांचे चेहरे वेगळे, जसे तुमच्या घरात असतात.

आपल्या देशातही असं काम झालेलं आहे. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ते संचालक होते. दिवसभर गव्हाच्या तांबेरा रोगाशी झुंजायचं आणि उरलेल्या वेळात गुलाबांचे संकर करायचे, असा हा माणूस. गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती त्यांनी तयार केल्या आणि 1966 साली 'द रोझ इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं. 'रक्तगंधा' हा लाल गुलाब त्याच संस्थेतला. नाव किती छान आहे! पंडित नेहरूंच्या कोटावरचा लाल गुलाब तर तुम्ही बालदिनाच्या चित्रात दरवर्षी रंगवता.

माझं मत विचाराल तर पहिला गुलाब म्हणून 'पापा मेलाँ' आणू नका. फार सुंदर आहे, पण नखरे आहेत. त्याच्यावर भुरी लवकर येते, आणि गडद पाकळ्या ऊन शोषतात म्हणून एप्रिलच्या उन्हात त्यांच्या कडा करपतात. पहिल्यांदा 'ग्लॅडिएटर' घ्या. गर्द गुलाबी-लाल, दांडा लांब, दणकट. आपल्याकडच्या हवेत तो वर्षानुवर्षं शेतात पिकवला गेला आहे. तो तुमच्या हातून वर्षभर जगला की मग नखरेवाले आणा. किंवा 'मिस्टर लिंकन' आणा, त्यात वासही मिळेल आणि झाडही धडधाकट असतं. पुष्पगुच्छात मिळणारे लाल गुलाब मात्र वेगळे. आपल्या तळेगावच्या बाजूला हरितगृहांत जे हजारोंनी पिकतात ना, त्या जाती आतल्या बंदिस्त हवेला सरावलेल्या असतात. तशा गुच्छातली काडी खोचून झाड होईल म्हणून वाट बघत बसू नका.

आता रोप निवडताना फुलाकडे बघायचं नाही. हो, बरोबर वाचलंत. हातगाडीवर एक मोठं फूल असलेलं रोप सगळ्यांना आवडतं, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. तुम्ही खाली बघा. मातीच्या वर खुंट आणि गुलाब यांचा जोड, म्हणजे जिथं गाठ आल्यासारखं दिसतं ती जागा, नीट दिसते का? त्या जोडाच्या वरून दोन-तीन जाड हिरव्या फांद्या निघाल्यात का? पानं उलटी करून पाहिलीत का? खालच्या बाजूला तांबूस धूळ आणि बारीक जाळी असेल तर तो लाल कोळी. ते रोप ठेवून द्या. आणि जोडाच्या खालून फुटलेली फांदी डुलत असेल तर लक्षात ठेवा, ती तुमच्या गुलाबाची नाही, खुंटाची आहे.

घरी आणलं की लगेच कुंडीत घालायची घाई नको. आठ दिवस सावलीत राहू दे. बारा इंची कुंडी बरी. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा, त्यावर थोडी विटांची खडी. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, आणि आपल्याकडे काळी माती असेल तर मूठ-दोन मुठी नव्हे, चांगली भरपूर वाळू. काळी माती पाणी धरून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. मुळंसुद्धा श्वास घेतात, हे विसरायचं नाही. पिशवी ब्लेडनं कापा, मातीचा गड्डा फोडू नका, आणि जोड मातीच्या वर ठेवा. ऊन रोज सहा तास. यात सवलत नाही. ज्यांच्या गॅलरीत ऊनच येत नाही त्यांनी गुलाबाऐवजी दुसरं काहीतरी लावावं. हे मी रागानं सांगत नाही, त्या गुलाबाच्या वतीनं सांगते.

पाणी केव्हा? मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. कोरडं लागलं तर द्या. सकाळी, आणि मुळाशी. संध्याकाळी पानांवर शिंपडलेलं पाणी रात्रभर वाळत नाही, आणि काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सात-आठ तास ओलं मिळालं की तिचं काम होतं. ठिपक्यांची पानं खाली पडली तर वेचून केरात टाका, कुंडीत ठेवू नका. कोवळ्या शेंड्यावर हिरवा मावा दिसला तर पाण्याची धार मारा. त्यातच ठिपक्यांचा लाल लेडीबर्ड भुंगा दिसला तर हात आखडा. तो मावा खायला आलाय, त्याचं जेवण होऊ द्या.

तर उरलेल्या एका डोळ्याकडे येऊ या.

मामांनी जानेवारीतच खुंटाचा वरचा भाग छाटून टाकला होता, म्हणजे सगळी ताकद डोळ्याला मिळावी. त्यातून तांबूस कोंब आला. मार्चमध्ये त्याला पहिली कळी आली! शाळेत काय आनंद! आणि मामांनी येऊन सांगितलं, 'ही खुडून टाका. झाड ल्हान हाय. फूल काढलं तर दमंल.'

आता काय करायचं? ती कळी म्हणजे पायरीजवळच्याचं पहिलं फूल. तिच्यासाठी चार महिने ती मुलगी शाळा सुटल्यावर घरी उशिरा जात होती. मला तर खुडवेना. मी म्हटलं, 'तूच ठरव.' ती दोन दिवस काही बोलली नाही. मग तिनं वडिलांच्या फोनवरून आबांना विचारलं. आबा म्हणाले, 'खूड. घाई तुम्हाला आहे, मला नाही.'

तिनं खुडली. वर्गासमोर नाही. सगळे गेल्यावर.

एप्रिलमध्ये सुट्टी लागल्यावर तिचे वडील ती कुंडी मांडीवर घेऊन एसटीनं पुण्याला गेले. काकांच्या गॅलरीत सकाळचं ऊन येतं. मे महिन्यात तिथं फूल आलं, आणि तिचा फोन आला. आवाज रडवेला. 'बाई, फूल लहान आहे. कडेला जांभळं पडलंय. वासपण नाही. आबा म्हणतात, हा आपला नव्हे.'

मी सांगितलं, थांब. गुलाबाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो. थंडीत ते जास्त तयार होतं, कडक उन्हाळ्यात कमी. शिवाय पाकळी म्हातारी होऊ लागली की तिच्या रसातली आम्लता कमी होते आणि लाल रंग जांभळट दिसायला लागतो. उन्हात पाकळी लवकर म्हातारी होते. तुम्हाला खोटं वाटत असेल तर लाल गुलाबाच्या दोन-चार पाकळ्या कुस्करून गरम पाण्यात टाका. पाणी दोन वाट्यांत घ्या. एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. मग दोन्हींचा रंग बघा आणि मला पत्रानं कळवा. गरम पाणी आईला विचारून घ्या, परस्पर नको.

पावसाळ्यात दुसरं संकट आलं, आणि ते आनंदाच्या वेशात आलं. झाड एकदम वाढायला लागलं! लांबच लांब फांदी, पानंच पानं. काका खूश. पण सुट्टीच्या दिवशी ही पुण्याला गेली आणि तिनं पानं मोजली. गुलाबाचं एक पान म्हणजे लहान लहान पानांचा समूह असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. पायरीजवळच्याला एका पानात बहुतेक पाच असत. या नव्या फांदीला सात होती, बारीक आणि फिकट. ती जोडाच्या खालून आली होती. म्हणजे खुंटानं डोकं वर काढलं होतं! अशी फांदी वाढू दिली तर सगळं अन्न तीच खाते, आणि वरचा गुलाब हळूहळू वाळून जातो. मग लोक म्हणतात, 'आमच्या लाल गुलाबाला आता पांढरी फुलं येतात, जात बदलली.' जात बदलत नाही दोस्तांनो. लाल गुलाब मेलेला असतो. तिनं ती फांदी कात्रीनं कापली नाही, मुळापासून ओढून काढली, कारण कापली तर खालच्या डोळ्यांतून दोन फुटतात. काकांना वाईट वाटलं म्हणे.

ऑक्टोबरात छाटणी केली. मी फोनवरून सांगत होते आणि ती करत होती. मधेच आबा ओरडत होते, 'अगं, जास्त कापू नको!' छाटताना सगळ्यांचाच जीव घाबरा होतो. पण आपल्याकडे पाऊस ओसरल्यावर गुलाब छाटला नाही तर तो नुसता काडीकाडीनं उंच होतो. तुम्हीही ऑक्टोबरातच करा. आधी वाळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या आणि काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक फांद्या काढा. चार-पाच सशक्त ठेवा. त्या दीड फुटाच्या आसपास आणा. लहान झाड असेल तर फक्त शेंडे. प्रत्येक काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर आणि तिरपा, म्हणजे नवी फांदी बाहेर पसरेल आणि मध्यभागी हवा खेळेल. कापल्यावर आतला गाभा बघा. पांढरट-हिरवा असेल तर ठीक, तपकिरी असेल तर आणखी खाली कापा. कापाच्या तोंडाला बोर्डो पेस्ट लावा. सिकेटर धारदार हवा. आईची भाजीची सुरी नको, आणि सिकेटर मोठ्या माणसानं शेजारी उभं राहूनच हातात द्यावा.

छाटणीनंतर फुलाला साधारण पंचेचाळीस दिवस लागतात.

2023 च्या डिसेंबरात पुण्याच्या गॅलरीत थंडीतलं पहिलं फूल उघडलं. सकाळी काकूंनी आबांना खुर्चीत बसवलं आणि कुंडी पुढे सरकवली. आबांना आता नीट दिसत नाही. त्यांनी रंग पाहिलाच नाही. फुलाजवळ तोंड नेलं, बराच वेळ तसेच राहिले आणि म्हणाले, 'पायरीजवळचा.'

हे मला तिनंच सांगितलं. ती आता हायस्कूलला गेली आहे. मामांकडून डोळा भरायला शिकते आहे. दहातले चार लागतात म्हणते. आमच्या शाळेच्या कुंपणात पायरीजवळच्याचं एक रोप परत आलंय, आणि फाटकाला आता कडी आहे.

परवा तिचा पुन्हा फोन आला. 'बाई, पानांच्या कडेला कुणीतरी कंपासनं काढल्यासारखे गोल कापून नेलेत! अळीपण दिसत नाही. औषध मारू का?'

मारू नकोस म्हटलं. ती एक रानमाशी आहे, मधमाशीच्याच कुळातली. ती पान खात नाही. गोल तुकडा कापते, पायांत धरून उडत नेते आणि बिळात त्याचा डबा करून त्यात अंडं घालते. झाडाला त्याचं काही होत नाही. सकाळी ऊन चढल्यावर दहा मिनिटं कुंडीपाशी शांत बसलीस तर ती कापताना दिसेल.

'मी नाही, आबा बसतील,' ती म्हणाली. 'त्यांना ऐकू येतं.'